मूळ फीत कुणाकडे आहे?

१९७५ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘विश यू वर हिअर’ या अल्बमचं काम चालू होतं. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या स्टुडिओत स्टेफान ग्रापेली आणि यहुदी मेन्युहिन हे दोन थोर व्हायोलिनवादक ध्वनिमुद्रणासाठी आलेले होते. फ्लॉइडच्या मंडळींनी दोघांनाही बोलावलं. मेन्युहिननी ऐकणं पसंत केलं. ग्रापेलींनी मात्र वाद्य खांद्याला लावलं आणि शीर्षकगीतावर वाजवलं. अल्बम बाहेर आला तेव्हा ते व्हायोलिन जवळजवळ ऐकूच येत नव्हतं आणि वेष्टनावर ग्रापेलींचं नावही नव्हतं. त्या फितीवर नंतर दुसरंच काही मुद्रित झालं असावं, अशी खुद्द बँडच्या ड्रमरची, निक मेसन यांची, समजूत होती. २०११ साली या अल्बमची मोठी आवृत्ती काढण्यासाठी जुन्या फिती चाळल्या गेल्या तेव्हा ते वादन जसंच्या तसं सापडलं. छत्तीस वर्षांनंतर लोकांनी ते प्रथमच ऐकलं.

ग्रापेली १९९७ सालीच गेले होते. फीत मात्र शाबूत होती, कारण कुणीतरी ती टाकून दिली नव्हती.

अभिजात प्रोग्रेसिव्ह रॉकचे जुने अल्बम गेली पंधरा-सोळा वर्षं जाडजूड पेट्यांतून पुन्हा बाजारात येत आहेत. एका अल्बमभोवती किंवा एका बँडभोवती पंधरा, वीस, कधी तीसहून अधिक तबकड्या, सोबत जाड पुस्तक, जुन्या तिकिटांच्या आणि पोस्टरांच्या प्रतिकृती. किंमत अशी की महाविद्यालयीन मुलाने त्या वाटेला जाऊच नये. हौशी, सुखवस्तू, वय झालेल्या श्रोत्यांचा हा शौक आहे असं म्हणून हा विषय मिटवता येतो आणि पुष्कळ जण तो तसाच मिटवतात. पण या पेट्यांच्या तळाशी एक प्रश्न आहे आणि तो लंडनइतकाच मुंबईला, पुण्याला आणि रावेरलाही लागू आहे. आपण जे ऐकलं त्याची मूळ फीत कुठे आहे आणि ती कुणी जपली?

रावेरचं नाव इथे ओढूनताणून आणलेलं नाही. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की सावद्यापुढे हे तालुक्याचं गाव लागतं. एका बाजूला सातपुडा, दुसऱ्या बाजूला तापी आणि मधे नजर पोचेल तिथवर केळीच्या बागा. रेल्वेच्या डब्यांतून इथली केळी उत्तरेत जातात आणि पलीकडे बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश. इथल्या माणसाला लांबलचक ऐकण्याची सवय आहे. रात्र रात्र चालणारं कीर्तन, भारूड आणि या पट्ट्यातल्या वहीगायनाच्या मंडळ्या, या सगळ्यांत कथा घाईने सांगून मोकळं होण्याची पद्धतच नाही. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. तिथे विलंबित ख्याल निवांत ऐकणारा श्रोता थंडीत स्वेटर, मफलर गुंडाळून शेवटपर्यंत बसतो. वीस मिनिटांचं एक गाणं ही कल्पना अशा श्रोत्याला दचकवणारी नाही. उलट तीन मिनिटांत संपणारं गाणंच त्याला कधीकधी अपुरं वाटतं.

प्रोग्रेसिव्ह रॉकच्या मागे हीच भूक होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या चौकटीचा कंटाळा आला. पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, इंग्लंडची लोकगीतं आणि विजेची गिटार हे सगळं त्यांनी एकत्र आणलं आणि एलपीची एक अख्खी बाजू एका रचनेला देऊन टाकली. येस या बँडचं ‘क्लोज टू द एज’ हे १९७२ सालचं शीर्षकगीत साडेअठरा मिनिटांहून मोठं आहे. जेनेसिसचं ‘सपर्स रेडी’ तेवीस मिनिटांच्या आसपास जातं. जेथ्रो टलने त्याच वर्षी ‘थिक ॲज अ ब्रिक’ काढला. त्यात दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं आहे आणि तबकडी उलटायची म्हणून मधे थांबावं लागतं एवढंच.

त्या ‘थिक ॲज अ ब्रिक’चं वेष्टन निरखून पाहण्यासारखं आहे. ते बारा पानांचं वर्तमानपत्र आहे. एका काल्पनिक इंग्रजी खेड्यातलं स्थानिक पत्र, आणि त्यात गावातल्या बातम्या, क्रीडावृत्त, शब्दकोडं, छोट्या जाहिराती. पहिल्या पानावर आठ वर्षांच्या एका मुलाची बातमी. त्याला काव्यस्पर्धेत मिळालेलं बक्षीस काढून घेतलं गेलं, आणि अल्बममधलं लांबलचक गाणं म्हणजे त्या मुलाची कविता. हे पत्र लिहायला आणि मांडायला संगीतापेक्षा जास्त वेळ गेला असं खुद्द बँडचे म्होरके इयान अँडरसन सांगत आले आहेत. पुढे कॅसेट आली, सीडी आली. बारा पानांचं पत्र आक्रसत आक्रसत बोटभर चित्रावर आलं आणि कोडं वाचायला भिंग लागावं अशी वेळ आली. २०१२ साली चाळीस वर्षांच्या निमित्ताने जी आवृत्ती निघाली तिला पुस्तकाचा आकार दिला गेला आणि त्यात ते पत्र पुन्हा डोळ्यांना वाचता येईल असं छापलं गेलं. रचनेचा अर्धा अर्थ त्या कागदावर होता, तो परत मिळाला. नवी आवृत्ती काढायची तर ती अशी.

सगळ्याच पेट्या इतक्या प्रामाणिक नसतात. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची २०११ सालची मोठी पेटी उघडली की आत काचेच्या गोट्या, एक स्कार्फ आणि पेल्याखाली ठेवायच्या चकत्या निघतात. या वस्तूंचा संगीताशी काडीचा संबंध नाही आणि त्यांच्यामुळे पेटीची किंमत वाढते. पण त्याच पेटीत ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्स यांनी १९७२ साली केलेलं या अल्बमचं सुरुवातीचं मिश्रण आहे आणि १९७४ सालचा वेम्बली इथला कार्यक्रमही. जो अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता, तो पूर्ण होण्याआधी कसा वाजत होता, हे ऐकताना अंगावर काटा येतो. ज्याला संगीत कसं घडतं याची ओढ आहे त्याने गोट्या बाजूला ठेवाव्यात आणि ही तबकडी लावावी.

या सगळ्या प्रकाराला खरी दिशा दिली ती किंग क्रिम्झन या बँडने. त्यांचा पहिला अल्बम ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ १० ऑक्टोबर १९६९ रोजी निघाला. वेष्टनावर किंचाळणाऱ्या माणसाचा लालभडक चेहरा. तो काढणारा बॅरी गॉडबर हा तरुण चित्रकार पुढच्याच वर्षी, २४ व्या वर्षी, वारला. हा अल्बम आठ ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झाला होता. आठ ट्रॅक म्हणजे फितीच्या रुंदीवर शेजारी शेजारी आठ पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यावर एक वाद्य किंवा एक आवाज. आठही भरले आणि अजून वाद्यं चढवायची असली तर चार-पाच पट्टे एकत्र करून दुसऱ्या फितीवरच्या एक-दोन पट्ट्यांत उतरवायचे, म्हणजे बाकीचे मोकळे होतात. असं प्रत्येक वेळी केलं की थोडी खरखर वाढते, थोडी धार जाते, आणि एकत्र झालेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. या अल्बममध्ये मेलोट्रॉन नावाच्या वाद्याचे थरांवर थर आहेत. मेलोट्रॉन हेही फितीवरच चालणारं वाद्य. प्रत्येक पट्टीखाली खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर मुद्रित केलेली एक छोटी फीत असते आणि बोट दाबलं की ती सुमारे आठ सेकंद फिरते.

शिवाय या अल्बमचा पहिल्या पिढीचा स्टिरिओ मास्टर, म्हणजे अंतिम मिश्रणाची मूळ फीत, कित्येक वर्षं बेपत्ता होता. त्यामुळे दरम्यानच्या एलपी आणि सीडी नकलेच्या नकलेवरून काढलेल्या होत्या. तो मास्टर अखेर सापडला आणि त्यावरून २००४ साली नवी सीडी निघाली. २००९ साली बँडचे रॉबर्ट फ्रिप आणि पुढच्या पिढीतले संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी आणखी पुढचं काम केलं. एकत्र करण्याआधीच्या फितीही उपलब्ध होत्या. त्या संगणकावर एकमेकींशी ताळमेळ लावून जोडल्या आणि १९६९ साली कुणालाही शक्य नव्हतं इतके सुटे पट्टे हाती आले. विल्सन यांची पद्धत साधी आहे आणि तीत फार संयम लागतो. आधी जुनं मिश्रण पुन्हा पुन्हा ऐकायचं. कोणतं वाद्य डावीकडे, कोणतं उजवीकडे, प्रतिध्वनी किती, आवाज कुठे विरत जातो, हे सगळं तंतोतंत उभं करायचं. आपली हुशारी दाखवायची नाही. मग धूळ झटकावी तसं प्रत्येक वाद्य स्वच्छ दिसू लागतं. पुढे जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट, कॅरव्हॅन अशा अनेक बँडनी आपल्या मूळ फिती याच माणसाच्या हाती दिल्या.

क्रिम्झनच्या पेट्या नंतर फुगतच गेल्या. १९७३ च्या ‘लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक’ची पेटी २०१२ साली आली, तबकड्या १५. ‘रेड’भोवतीची २०१३ ची पेटी २४ तबकड्यांची, ‘स्टारलेस’ २७ तबकड्यांची. २०२० साली ‘द कम्प्लीट १९६९ रेकॉर्डिंग्ज’ या नावाने त्या पहिल्या वर्षाचं उपलब्ध असलेलं सगळंच्या सगळं २६ तबकड्यांत आलं. स्टुडिओतल्या तालमींपासून ५ जुलै १९६९ रोजी रोलिंग स्टोन्सच्या आधी हाइड पार्कमध्ये झालेल्या वादनापर्यंत. यातली काही मुद्रणं श्रोत्यांनी चोरून केलेली, म्हणून आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा. कॅरव्हॅनने २०२१ साली ३७ तबकड्यांची पेटी काढली. इतकं कुणी ऐकतं का, असा प्रश्न पडेल. सगळं कुणीच ऐकत नसेल. दफ्तरखान्यातला प्रत्येक कागदही कुणी वाचत नाही. पण तो असावा लागतो.

येसची २०१५ सालची ‘प्रॉजेनी’ ही पेटी या बाबतीत विचार करायला लावते. १९७२ सालच्या शरद ऋतूतल्या दौऱ्यातले सात कार्यक्रम, चौदा सीडी, आणि सातही ठिकाणी जवळपास तीच गाणी त्याच क्रमाने. हिंदुस्थानी संगीतावर वाढलेल्या कानाला यात प्रथम निराशा होते. सात दिवसांचे सात यमन म्हणजे सात वेगळे यमन, मग इथे काय? तिसऱ्या-चौथ्या कार्यक्रमानंतर मात्र फरक कानात शिरू लागतात. ड्रमर ॲलन व्हाइट नुकतेच आलेले होते, अवघड हिशेबांच्या जागा अजून हातात बसत होत्या, आणि एखाद्या रात्री सगळेच मोकळे सुटलेले ऐकू येतात. अधिकृत एलपीने ही घडण पुसून टाकलेली होती. पेटीने ती परत दिली.

हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ती फीत फार नाजूक चीज आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून काही कंपन्यांनी फितीवरचे चुंबकीय कण चिकटवायला जो गोंद वापरला तो हवेतलं बाष्प शोषून घेतो. वीस-पंचवीस वर्षांनी अशी फीत यंत्रावर लावली की ती चिकटते, किंचाळते आणि मुद्रित ध्वनीसकट कण खरवडून टाकते. त्यावरचा उपाय ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. फीत ठरावीक भट्टीत सुमारे ५० ते ५५ अंशांवर कित्येक तास मंद भाजतात, बाष्प निघून जातं, मग काही दिवसांच्या मुदतीत तिची डिजिटल नक्कल करून घ्यायची. तापमानाचा आकडा वाचून रावेरचा माणूस म्हणेल की एवढं तर आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली सहज होत असेल. पण तो मोह जीवघेणा आहे. नियंत्रित उष्णता फितीला वाचवते, तर दिवसा तापून रात्री निवणारी पत्र्याखालची उष्णता तिला वाकवते आणि आवळून टाकते. खान्देशातल्या माळ्यांवर पडलेल्या स्पूल आणि कॅसेटींचा खरा शत्रू हाच आहे.

आणि काही वेळा काहीच उरत नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथल्या कोठारात ठेवलेले असंख्य मूळ मास्टर त्यात जळाले. हे नुकसान केवढं मोठं होतं ते लोकांसमोर यायला २०१९ साल उजाडलं.

आता इकडे वळू. एलपी आली नसती तर प्रोग्रेसिव्ह रॉक जन्मलाच नसता, हे खरं. पण एलपीने आपल्यावर केलेले उपकार आपण फार कमी बोलून दाखवतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मिळत. त्या तेवढ्यात अब्दुल करीम खाँ, केसरबाई यांच्यासारख्यांनी राग बसवून दाखवले, हे अफाटच. पण ती तारेवरची कसरत होती. १९५५ साली अमेरिकेत अली अकबर खाँ यांची ‘म्युझिक ऑफ इंडिया’ ही एलपी निघाली, हिंदुस्थानी रागसंगीताची पहिली एलपी. एका बाजूला एक राग, सलग वीस मिनिटं. सुरुवातीला इंग्रजीत त्यांची ओळख करून देणारा आवाज यहुदी मेन्युहिन यांचा. वीस वर्षांनंतर ॲबी रोडवर ग्रापेलींच्या शेजारी उभे होते ते हेच मेन्युहिन.

मग १९६७ सालचा ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार, माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, प्रहरांनुसार रागांत मांडलेला. आदीपासून अंतापर्यंत एकच कल्पना घेऊन रचलेला हा अल्बम इंग्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉकला नाव मिळण्याआधी मुंबईत तयार झाला. त्याच्यामागे एचएमव्हीचे निर्माते जी. एन. जोशी होते. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीचे हे गायक. नंतर त्यांनी कंपनीत बसून थोरामोठ्यांची ध्वनिमुद्रणं घडवली आणि त्या आठवणी पुस्तकरूपानेही लिहिल्या. हा अल्बम पुढे सीडीवर जादा तुकड्यांसह परदेशात निघाला आणि तिकडच्या रॉकवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. पण जोशींनी तो कसा घडवला, किती वेळा वाजवून घेतला, कोणता तुकडा गाळला, हे सांगणारी तीन-चार तबकड्यांची, मराठी पुस्तिकेसह एक पेटी आपल्याकडे का असू नये? हरिप्रसादजींच्या बासरीचा गाळलेला एखादा तुकडा जर कुठे फितीवर असेल, तर त्याची किंमत ग्रापेलींच्या व्हायोलिनपेक्षा कमी नाही.

मराठीत या प्रकारातलं सर्वांत मोठं काम कोणतं, असं विचारलं तर उत्तर एकच आहे. ‘गीतरामायण’. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांनी आग्रह धरला, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलं, सुधीर फडके यांनी चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला पहिलं गीत प्रसारित झालं आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला शेवटचं. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे आठवडे वाढले आणि गीतं छप्पन्न झाली. दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल, बदलती पात्रं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक, ललिता फडके अशा अनेकांनी ती त्या त्या पात्राच्या आवाजात गायली. वर्तमानपत्रं गीतं छापत आणि लोक ठरल्या वेळी रेडिओभोवती जमत.

पुढे एचएमव्हीने एलपींचा जो संच काढला त्यात छप्पन्नही गीतं एकट्या फडक्यांच्या आवाजात आहेत. तो संच घराघरांत गेला, त्याच्या कॅसेटी झाल्या, आणि दोन पिढ्यांनी गीतरामायण म्हणून जे ऐकलं ते हेच. फडक्यांच्या त्या गाण्याविषयी वेगळं काही सांगायला नको. पण रेडिओवरचं गीतरामायण ही वेगळी कलाकृती होती, अनेक कंठांची, नाट्याच्या अंगाने जाणारी. या दोन्ही रूपांना एका पेटीत शेजारी शेजारी ठेवणं हे मराठी संगीताचं मोठं काम ठरेल. सोबत गदिमांची हस्तलिखितं, गीतांच्या तारखा, वादकांची नावं. या गीतांना साथ करणाऱ्या प्रभाकर जोगांच्या व्हायोलिनची ओळख सांगणारं एक प्रकरण. क्रिम्झनच्या पेटीत प्रत्येक रात्रीच्या कार्यक्रमाची तारीख, गाव, सभागृह आणि मुद्रण कोणत्या यंत्रावर झालं हे सगळं दिलेलं असतं. आपल्याकडे कित्येक एलपींवर तबलजीचं नावसुद्धा नाही.

रॉकचंही मुंबईत घर होतं आणि त्या घरात मराठी माणूस होता. १९७० आणि १९७१ साली सिमला बीट नावाच्या स्पर्धेतल्या बँडच्या एलपी निघाल्या. त्याच दशकात मुंबईत कीथ कांगा यांचा ॲटॉमिक फॉरेस्ट हा बँड नावारूपाला आला. वेगवेगळ्या काळात त्यात मधुकर दास गात होते आणि नंदू भेंडेही. १९७४ साली ॲलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ उभं केलं तेव्हा हेच दोघे येशू आणि ज्यूडास झाले. नंदू म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, मराठी रंगभूमीच्या घरात वाढलेला. पुढे १९७८ साली थिएटर ॲकॅडमीच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मध्ये जब्बार पटेलांनी त्याला उभं केलं आणि पु. ल. देशपांडे यांच्या शब्दांना रॉकचा गळा मिळाला. ज्यांनी तो प्रयोग पाहिला ते आजही त्याविषयी बोलू लागले की थांबत नाहीत.

ॲटॉमिक फॉरेस्टचा अल्बम ‘ऑब्सेशन ७७’ निघाला तो बँड विखुरल्यानंतर, १९८१ साली. तो कुणाच्या लक्षातही आला नाही. मग परदेशातल्या संग्राहकांना त्याचा शोध लागला, मूळ प्रतीला सोन्याचा भाव आला, आणि २०११ साली लॉस एंजेलिसच्या नाउ-अगेन या कंपनीने तो पुन्हा काढला. सोबत अप्रकाशित आणि कार्यक्रमांतली मुद्रणं, छायाचित्रं आणि बँडची हकीगत सांगणारी पुस्तिका. मुंबईच्या बँडची कागदपत्रं जमवायला कॅलिफोर्नियाची कंपनी लागली, याचं मनापासून वाईट वाटतं. नंदू भेंडे २०१४ साली गेले. त्याआधी तीन वर्षं का होईना, हे काम त्यांच्या डोळ्यांसमोर झालं.

जे विल्सन त्या जुन्या फितींशी झुंजत होते ते महाराष्ट्राला अनोळखी नाहीत. क्रिम्झनच्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्त्या सुरू झाल्या त्याच २००९ सालच्या डिसेंबरात त्यांचा पॉर्क्युपाइन ट्री हा बँड पवईला आयआयटीच्या मूड इंडिगोत वाजवून गेला. २०१६ साली ते पुण्यात एनएच७ वीकेंडरला आले. त्याआधी २००७ साली रॉजर वॉटर्स यांनी मुंबईत ‘डार्क साइड’ सगळा वाजवला होता. २०१६ सालीच काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं, जिथे अशा पेट्या निदान हातात घेऊन पाहता येत. आता रावेरच्या मुलाला अशा पेट्यांमधलं पुष्कळसं मोबाइलवर ऐकता येतं, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त पुस्तिका मोबाइलवर येत नाही. कोण वाजवतंय, कधी, कुठे, हे सांगणारी पानं गाळून नुसता आवाज पोचतो.

ती पानं किती मोलाची, हे खान्देशाला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात आणि घरातल्या मुलांनी, सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावाने, ती गाणी टिपून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. ती टिपणं आचार्य अत्रे यांच्या हाती पडली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. टिपणारे हात घरात नसते तर लेवा गणबोलीतलं हे धन तापीच्या काठावरच विरून गेलं असतं.

आवाजाच्या बाबतीत असे हात मुंबईत आहेत. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्यांना एकत्र आणते. तिच्या सुरेश चांदवणकर यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सांभाळून तबकड्यांवरची नावं, क्रमांक आणि तारखा यांचा पिच्छा पुरवला आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे संस्थेचं प्रकाशन त्यातून उभं राहिलं. एखाद्या नाट्यगीताची तबकडी कोणत्या वर्षीची, हे आज सांगता येतं ते अशा लोकांमुळे. कंपन्यांची कपाटं उघडली आणि या माणसांचं ज्ञान त्यांच्या शेजारी बसलं, तर मराठीतली पहिली खरी पेटी दोन-तीन वर्षांत निघू शकते.

कंपन्यांची वाट न पाहताही रावेर, यावल, सावदा, फैजपूर इथे काम सुरू करता येईल. वहीगायनाच्या मंडळ्यांचे, कीर्तनाच्या सप्ताहांचे, गावच्या नाटकांचे आवाज १९७० ते २००० या काळात टेपरेकॉर्डरवर घरोघरी धरले गेले आहेत. त्या कॅसेटी आजही लोखंडी कपाटांत आणि पेट्यांत आहेत. जुनी कॅसेट सापडली की उत्साहाने लगेच लावून पाहू नये. फीत वळली आहे का, बुरशी आहे का, आतली दाबाची गादी गळून पडली आहे का, हे आधी पाहावं. ती माळ्यावरून खाली, घरातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या खोलीत आणावी, स्पीकर आणि चुंबकांपासून लांब उभी ठेवावी. मग चांगल्या यंत्रावर एकदाच वाजवून तिची डिजिटल नक्कल करावी, तीही न दाबता, पूर्ण आकाराच्या फाइलमध्ये, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. मूळ कॅसेट फेकू नये. पुढे विल्सनसारखा कुणी आला तर त्याला तीच लागेल. आणि वेष्टनावर पेन्सिलीने लिहावं: गाणारे कोण, साथीला कोण, गाव कोणतं, कोणत्या सणाला, कोणतं साल. गावातली जी माणसं त्या रात्री तिथे होती त्यांतली काही अजून आहेत. त्यांच्याकडून ही नावं या दिवाळीच्या सुट्टीतच विचारून घेता येतील.